ऐकणे : मायबाप व मुले यांच्या संवादाचा एक अभ्यास

विषयप्रवेश

महानुभाव वाङ्मयाचा उगम संवादात आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी ग्रंथ लिहून ठेवला नाही. ते बोलले आणि सन्निधानी असलेल्यांनी ऐकले. वाटेने चालताना, भोजनाच्या वेळी, देवळाच्या पटांगणात, कोणी काही विचारले म्हणून, कोणाकडून काही चुकले म्हणून जे शब्द निघाले, तेच पुढे शास्त्र झाले. या शब्दांचे मनन साधक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. परंतु हे शब्द टिकले ते ऐकणाऱ्यांमुळे टिकले, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही.

वासनिकांच्या घरात आज याच गोष्टीची वाण आहे. घरात सांगणारे पुष्कळ आहेत, ऐकणारा नाही. मुलांवर संस्कार व्हावेत, त्यांनी स्मरणाला बसावे, अभ्यास करावा, वाईट संगत टाळावी, अशी इच्छा प्रत्येक मायबापाची असते आणि ती योग्यच आहे. पण ज्या मुलाशी बोलणेच तुटले, त्याच्यापर्यंत ही इच्छा पोहोचणार कशी? प्रस्तुत लेखात लीळाचरित्र, दृष्टांतपाठ व स्मृतिस्थळ यांतील काही प्रसंगांच्या आधारे, मायबाप व मुले यांच्यातील रोजच्या बोलण्याचा विचार केला आहे.

१. सांगणे पुष्कळ, बोलणे थोडे

कोणत्याही घरातील एका दिवसाचे बोलणे तपासून पाहावे. सकाळी ‘ऊठ’, ‘आवर’, ‘उशीर होतोय’, ‘डबा घे’. संध्याकाळी ‘गृहपाठ झाला का?’, ‘किती मार्क पडले?’, ‘मोबाइल ठेव’, ‘झोप आता’. या वाक्यांत वाईट काहीच नाही. संसार चालवायचा तर अशी वाक्ये लागतातच. परंतु दिवसभरात मुलाच्या वाट्याला केवळ आज्ञा आणि तपासणीचे प्रश्नच आले, तर त्याला संवाद म्हणता येणार नाही. तो कारभार झाला. मुलगाही मग कारभाऱ्याला द्यावे तसे उत्तर देऊ लागतो: ‘हो’, ‘नाही’, ‘काही नाही’. आणि ‘हल्ली हा काही बोलतच नाही’ अशी तक्रार मायबाप करू लागतात.

पूर्वीच्या मोठ्या घरांत ही उणीव काही अंशी भरून निघत असे. वडिलांसमोर न बोलणारे मूल आजीच्या पांघरुणात शिरून सर्व काही सांगत असे. आज पुष्कळ घरे लहान झाली. दोघेही कामावर जातात. आणि जो थोडा वेळ उरतो त्यात मूल बोलत असताना मोठ्यांचीच दृष्टी हातातील मोबाइलवर असते. मूल शब्दांआधी चेहरा वाचते. समोरचा चेहरा आपल्याकडे वळलेला नाही हे दोनचार वेळा अनुभवास आले, की पाचव्या वेळी ते सांगावयास येत नाही.

मायबाप होणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे थोर बालशिक्षकांनी फार पूर्वी ओळखले होते. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून शिक्षणाला वाहून घेतले आणि १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांनी मुलांसाठी जसे लिहिले तसेच आईबापांसाठीही लिहिले. त्यांच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचा अर्थच ‘आईबाप होणे अवघड आहे’ असा आहे. हे अवघडपण मान्य करणे ही पहिली पायरी होय.

२. म्हाइंभटांचे ऐकणे

सराळ्याचे म्हाइंभट मूळचे विद्येचा अभिमान धरणारे पंडित. सर्वज्ञांकडे ते आले तेही वादाच्या हेतूने. बोलणे हेच त्यांचे शस्त्र होते. असा पुरुष पुढे महाराष्ट्रातील सर्वांत मोठा श्रोता झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेवांच्या अनुमतीने म्हाइंभटांनी लीळा जमविण्यास आरंभ केला. ज्याने जे पाहिले व ऐकले ते त्याच्या तोंडून ऐकावे म्हणून ते माणसे शोधीत हिंडले. मोठा कोण, लहान कोण, विद्वान कोण, अडाणी कोण, असा भेद त्यांनी केला नाही. एकाच लीळेसंबंधी दोघांच्या सांगण्यात अंतर पडले, तर एकाला खोटे ठरवून दुसऱ्याचे घेतले असे केले नाही. अमक्याच्या सांगण्याप्रमाणे असे आणि तमक्याच्या सांगण्याप्रमाणे तसे, अशी नोंद त्यांनी राखली. पंथातील अभ्यासक ज्यांना ‘वासना’ म्हणतात ते हे पाठभेद म्हणजे ऐकणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे.

आता गृहस्थाच्या घरी यावे. दोन भावंडे भांडतात आणि रडत आईकडे येतात. पुष्कळदा निवाडा आधी होतो आणि ऐकणे नंतर, किंवा मुळीच नाही. ‘तू मोठा आहेस, तूच समजून घ्यायला हवे होतेस,’ एवढ्यावर प्रकरण मिटते. मोठ्याच्या मनात मात्र ते मिटत नाही. म्हाइंभटांची रीत लावायची तर आधी एकाचे पूर्ण ऐकावे, मग दुसऱ्याचे पूर्ण ऐकावे, मध्ये कोणालाही बोलू देऊ नये, आणि शेवटी दोघांचेही म्हणणे आपल्या शब्दांत त्यांना परत सांगावे: ‘हा म्हणतो असे झाले, ती म्हणते तसे झाले.’ पुष्कळदा इतके केल्यावर निवाड्याची गरजच राहत नाही. आपले म्हणणे नोंदले गेले, एवढेच मुलाला हवे असते.

३. वाक्य आणि प्रकरण

सूत्रपाठाच्या अभ्यासकाला एक गोष्ट आरंभीच शिकविली जाते. केशोबासांनी सर्वज्ञांची वचने संवादांतून वेचून सूत्ररूपाने एकत्र केली; परंतु सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निरूपिले गेले हे कळल्यावाचून त्याचा अर्थ नीट लागत नाही. म्हणूनच पंथात ‘प्रकरणवश’ या ग्रंथप्रकाराला महत्त्व आले.

जी सावधगिरी सूत्राच्या बाबतीत घेतली जाते, ती मुलाच्या वाक्याच्या बाबतीत का घेतली जाऊ नये? चौदा वर्षांची मुलगी म्हणते, ‘आई, मला उद्यापासून क्लासला जायचं नाही.’ आईला वाक्य कळते, प्रकरण कळत नाही. ती म्हणते, ‘वर्षाची फी भरली आहे. नखरे पुरे झाले.’ मुलगी गप्प बसते. या एका वाक्याची प्रकरणे अनेक असू शकतात. गणित समजत नसेल. मैत्रिणीशी बिनसले असेल. शिक्षक सर्वांसमोर टाकून बोलले असतील. किंवा वाटेत कोणी रोज छेड काढीत असेल, कोणी अंगाला हात लावला असेल आणि ते कोणत्या शब्दांत सांगावे हेच तिला उमगत नसेल. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला. परंतु कायदा कामाला लागतो तो मुलाने तोंड उघडल्यानंतर. आणि ते बहुधा प्रथम घरातच उघडावयाचे असते.

अशा वेळी आईने काय करावे? हातातले काम थांबवावे, जवळ बसावे आणि इतकेच म्हणावे, ‘जायचं नाही असं वाटतंय. काय झालं ते सांग.’ पुढे शांत राहावे. लगेच उत्तर आले नाही तरी शांत राहावे. मुलाची शांतता ही बोलण्याची तयारी असते. ती मोठ्यांनी आपल्या शब्दांनी भरून टाकू नये.

दृष्टांतपाठातील जात्यंध व हत्ती यांचा दृष्टांत सर्वांना परिचित आहे. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या हातापुरते खरे. हत्ती मात्र कोणालाच दिसला नाही. शास्त्रात या दृष्टांताचा दार्ष्टांतिक वेगळा आहे आणि तो फार सूक्ष्म आहे. व्यवहारापुरता त्यातून एवढा बोध घेता येईल, की बापाच्या हाती प्रगतिपुस्तक असते, आईच्या हाती न खाल्लेला डबा असतो, शिक्षकाच्या हाती हजेरी असते. प्रत्येक जण आपल्या हातातल्या वस्तूवरून मूल कसे आहे ते ठरवितो. आपल्या हाती एकच अवयव आहे, हे ज्याला आठवते तोच विचारतो. इतर सर्व सांगत सुटतात.

४. शरण आलेला ससा

सर्वज्ञांच्या चरित्रातील सशाची लीळा लहान मुलेही जाणतात. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत आला आणि सर्वज्ञांच्या आसनाशी दडला. पारधी मागोमाग आले व त्यांनी आपली शिकार मागितली. सर्वज्ञांनी शरणागताला दिले नाही. पण पारध्यांनाही झिडकारले नाही. त्यांच्याशी ते बोलले, त्यांना समजाविले. ससा वाचला आणि पारध्यांचेही मन पालटले.

चूक करून घरी आलेले मूल या सशासारखे असते. नववीतल्या मुलाला चाचणीत दोन विषयांत फार कमी गुण मिळाले. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणावयाची आहे. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: घरी सांगणे, किंवा सही स्वतःच ठोकून देणे. तो कोणती वाट धरील हे त्या दिवशी ठरत नाही. मागे तो चूक घेऊन आला तेव्हा काय घडले होते, त्यावर ते ठरून गेलेले असते. जर तेव्हा चार पाहुण्यांसमोर त्याचा उद्धार झाला असेल, शेजारच्या मुलाशी तुलना झाली असेल, हात उगारला गेला असेल, तर त्याने एकच धडा घेतला: या घरात शरण येण्यात अर्थ नाही. मग तो खोटी सही करतो. मायबाप त्याला लबाड म्हणतात. ती लबाडी भीतीपोटी आलेली असते, इकडे लक्ष जात नाही.

यातील धोका लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. प्रत्येक घटनेमागची कारणे निराळी व गुंतागुंतीची असतात. सर्व दोष घरातील बोलण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या घरी असे दुःख कोसळले त्यांना बोल लावण्याचा अधिकारही कोणाला नाही. तथापि, ‘काहीही झाले तरी घरी जाऊन सांगता येईल’ हा विश्वास ज्या मुलाजवळ आहे, त्याच्याजवळ संकटकाळी एक दार उघडे असते, एवढे निश्चित. संकटातील मुलांसाठी १०९८ क्रमांकाची दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली व पुढे देशभर पसरली. मुलांना अनोळखी माणसाच्या कानाचाही आधार वाटतो. मग घरचे कान त्यांना परके का वाटावेत?

शरणागताला अभय देणे म्हणजे चुकीला चूक न म्हणणे नव्हे. गुण कमी पडले हे खरे आहे, त्यावर उपाय करावाच लागेल, हे वडिलांनी स्पष्ट सांगावे. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘तू येऊन सांगितलंस, बरं केलंस’ हे वाक्य. मग काय घडले ते ऐकणे. आणि मग उपाय, तोही शक्य तर मुलाच्याच तोंडून काढलेला. पारध्यांशी जसे बोलणे झाले तसे शाळेतल्या शिक्षकांशीही आदराने बोलावे. मुलाची बाजू घेणे म्हणजे शिक्षकाशी भांडणे असा अर्थ होत नाही.

५. भाषा ऐकणाऱ्याची

केशोबास संस्कृताचे मोठे पंडित. त्यांची संस्कृत रचना पाहून आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना पुढे संस्कृतात न लिहिण्याविषयी सांगितले. ती भाषा योजिली तर साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे आचार्यांचे कारण स्मृतिस्थळात नोंदले आहे. बोलणाऱ्याला कोणती भाषा येते यापेक्षा ऐकणाऱ्याला कोणती कळते हा विचार आचार्यांनी मोठा मानला.

घरातही हाच न्याय लावला पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला ‘जबाबदारी’, ‘शिस्त’, ‘भविष्य’ हे शब्द संस्कृतासारखेच आहेत. ‘नीट वाग’ म्हटल्याने त्याला काय करावयाचे ते कळत नाही. ‘पाहुणे आले की पाणी आणून दे’ म्हटल्याने कळते. पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलताना त्याच्या जगातील शब्द ठाऊक असावेत. ते ठाऊक नसतील तर त्यालाच विचारावेत. मुलाला काही शिकविण्याची संधी मिळाली की तो खुलतो.

शब्दांची निवड ही अहिंसेचीही गोष्ट आहे. पंथाचा आचारधर्म अहिंसेवर उभा आहे. मुंगी चिरडू नये म्हणून जपणारा वासनिक घरी येऊन मुलाला ‘तू कशाच्याच कामाचा नाहीस’ असे म्हणत असेल, तर तो पायाने जपला आणि जिभेने चुकला. हाइम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मायबापांसाठी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात असा विवेक सांगितला, की राग आला तर कृतीवर बोलावे, मुलाच्या स्वभावावर व योग्यतेवर बोलू नये. थॉमस गॉर्डन यांनी १९७० सालच्या पुस्तकात आणखी एक रीत सांगितली: दोष ‘तू’वर न ठेवता आपल्यावर काय परिणाम झाला ते सांगावे. ‘तू बेजबाबदार आहेस’ याऐवजी ‘आठ वाजून गेले, तुझा निरोप नाही, माझा जीव टांगणीला लागला होता’ असे म्हणावे. पहिल्या वाक्यावर मुलगा वाद घालतो. दुसऱ्यावर वाद घालता येत नाही.

६. मुलांचे प्रश्न

महदाइसांची जिज्ञासा पंथात आदर्श मानली जाते. त्या सतत विचारीत. एका उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा विचारीत. त्या विचारीत राहिल्या म्हणून पुष्कळ निरूपण पुढील पिढ्यांच्या हाती आले. प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, अशी समजूत या परंपरेत बसत नाही.

तरीही वासनिकांच्या घरी असा प्रसंग वारंवार येतो. भाद्रपदात शेजारी गणपती बसतो. मित्रांच्या हातावर मोदक पडतात. घरचे मूल हात मागे घेते आणि रात्री विचारते, ‘आपण का नाही खायचा?’ उत्तर मिळते, ‘नाही म्हणजे नाही. विचारायचं नाही.’ या उत्तराने त्या दिवसापुरता नियम टिकतो. परंतु प्रश्न मनात राहतो, आणि मोठेपणी तो घराबाहेर जाऊन उत्तर शोधतो. मुलाच्या समजेप्रमाणे, दुसऱ्याच्या श्रद्धेला कमी न लेखता, अनन्य भक्तीची कल्पना समजावून द्यावी. ‘मित्राला वाईट वाटू न देता कसं सांगशील?’ हेही त्याच्याशी बोलावे, कारण मुलाची खरी अडचण बहुधा तीच असते. आणि स्वतःला उत्तर येत नसेल तर तसे सांगावे: ‘हे मलाही नीट ठाऊक नाही, आश्रमात गेलो की दोघे मिळून विचारू.’ यात मायबापांचा मान कमी होत नाही. उलट, जाणणाऱ्याकडे जाऊन विचारावे हा संस्कार मुलावर शब्दांवाचून होतो.

७. आश्रमात आलेले कुटुंब

या विषयात साधुसंतांचाही वाटा आहे. कुटुंब दर्शनाला येते, दंडवत होतात आणि लगेच आई म्हणते, ‘बाबा, याला दोन शब्द सांगा. मुळीच ऐकत नाही, अभ्यास करीत नाही.’ सभामंडपातील वीसपंचवीस माणसे त्या मुलाकडे पाहू लागतात. आईचा हेतू चांगला असतो. पण मुलाच्या मनात आश्रम म्हणजे लाज वाटण्याचे ठिकाण अशी गाठ बसते. अशा वेळी महंतांनी व तपस्विनींनी दोन शब्द सांगण्यापूर्वी दोन शब्द विचारावेत, तेही तक्रारीसंबंधी नव्हे. तू कितवीत आहेस, तुला काय आवडते, इथपर्यंत कसा आलास, असे साधे बोलणे करावे. उपदेशाला पुढे वेळ आहे. मायबापांना मात्र बाजूस घेऊन, मुलाची उणीदुणी चारचौघांत काढू नयेत, असे अवश्य सांगावे.

८. आचरणासाठी

अभ्यासाचे फळ आचरण होय. पुढील काही गोष्टी कोणत्याही घरात, खर्चावाचून, आजपासून करता येण्याजोग्या आहेत.

पहिली: दिवसातून एकदा, निदान पंधरा मिनिटे, मोबाइल दूर ठेवून मुलाजवळ असावे. समोर बसवून ‘बोल’ म्हणू नये. भाजी निवडताना, अंथरुणे घालताना, शेतावर जाताना सोबत घ्यावे. सर्वज्ञांच्या लीळांतही कितीतरी निरूपण चालता-बोलता झालेले आढळते.

दुसरी: मूल बोलत असताना मध्ये उपदेश करू नये. त्याचे बोलणे संपल्यावर, आपल्याला काय समजले ते त्याला सांगून ‘असंच ना?’ असे विचारावे.

तिसरी: मूल चूक सांगावयास आले तर पहिले वाक्य रागाचे नसावे. राग आवरत नसेल तर ‘आत्ता मला राग आला आहे, जेवणानंतर बोलू’ असे सांगून उठावे, आणि जेवणानंतर खरोखरच बोलावे.

चौथी: मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नातेवाइकांत हशाचा विषय करू नये. मात्र मुलाच्या जिवाला वा शरीराला धोका असेल, तर ती लपवूनही ठेवू नये; ‘हे मला अमक्याला सांगावं लागेल, मी तुझ्याबरोबर आहे’ असे मुलाला सांगून योग्य ठिकाणी न्यावी.

पाचवी: मोठ्यांकडून अन्याय झाला तर मोठ्यांनी तो मुलापाशी कबूल करावा. ‘काल मी तुझं ऐकून न घेता बोललो, ते चुकलं,’ एवढे वाक्य पुरते. त्याने मुलाचा आदर वाढतो, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

या पाचही गोष्टी पहिल्या दिवशी फळ देणार नाहीत. वर्षानुवर्षे गप्प राहिलेला मुलगा वडील एका संध्याकाळी जवळ बसले म्हणून बोलू लागेल, ही अपेक्षा करू नये. तो आधी पाहील की हे किती दिवस टिकते. म्हाइंभटांनाही सर्व लीळा एका बैठकीत मिळाल्या नाहीत. एकेका माणसापाशी जाऊन, त्याला आठवेपर्यंत थांबून त्या मिळवाव्या लागल्या. ते थांबले नसते तर आज पंथाजवळ लीळाचरित्र नसते. घराघरातील मुलांजवळही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते ऐकण्यासाठी कोणीतरी थांबले पाहिजे.